परक्या गॅसवरची चूल: हंगेरीतले इंधन आणि निवडणुका

हंगेरीचे क्षेत्रफळ सुमारे ९३,००० चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या एक तृतीयांशाहूनही कमी, आणि लोकसंख्या एक कोटीच्या आत. देशाला समुद्र नाही. डोंगररांगांनी वेढलेल्या खोलगट मैदानात तो वसला असल्याने बाहेरून येणारे इंधन शेजाऱ्याच्या जमिनीवरूनच यावे लागते. पहिल्या महायुद्धापूर्वीच्या हंगेरीच्या राज्याला ही अडचण इतकी जाणवत नव्हती. ट्रान्सिल्व्हेनियात १९०९ च्या सुमारास पोटॅश शोधताना नैसर्गिक वायूचा मोठा साठा लागला होता. कोळसा, मीठ, जंगल हे सगळे राज्याच्या हद्दीतच होते. १९२० च्या त्रियानोंच्या तहाने राज्याचा सुमारे दोन तृतीयांश प्रदेश रोमानिया, चेकोस्लोव्हाकिया, युगोस्लाव्हिया आणि ऑस्ट्रियाकडे गेला, आणि वायूचे ते साठेही रोमानियाच्या हद्दीत पडले. उरलेल्या देशाकडे तातबान्या, शॉल्गोतार्यान आणि पेच या भागांतल्या कोळशाच्या खाणी राहिल्या. त्यातलाही बराच कोळसा हलक्या प्रतीचा, धूर जास्त आणि आच कमी देणारा.

मग उरलेल्या जमिनीत शोध सुरू झाला. १९२५ मध्ये भूगर्भतज्ज्ञ फेरेंत्स पावाई-व्हायना यांनी पूर्वेकडच्या हायदुसोबोस्लो या गावी तेल आणि वायूच्या आशेने खोल विंधण घेतले, तेव्हा वर आले ते सत्तर अंशांहून अधिक तापलेले पाणी. गावाने त्यावर स्नानगृहे बांधली आणि आजही तिथे आंघोळीला लोक लांबून येतात. खरे तेल लागले ते पश्चिमेकडच्या झाला जिल्ह्यात, १९३७ मध्ये, अमेरिकन भांडवलावर चाललेल्या विंधणात. पुढच्या वर्षी ‘माओर्ट’ ही हंगेरियन-अमेरिकन कंपनी स्थापन झाली. महायुद्धाच्या ऐन भरात तिथले वार्षिक उत्पादन आठ लाख टनांच्या वर गेले आणि त्यातले पुष्कळसे जर्मनीच्या कामी आले. मार्च १९४५ मध्ये, बर्लिन पडायला जेमतेम काही आठवडे उरले असताना, हिटलरने आपली शेवटची मोठी चढाई बालातोन सरोवराच्या परिसरात केली, तीही मुख्यतः याच तेलविहिरी हातच्या जाऊ नयेत म्हणून.

युद्धानंतर सोव्हिएत फौजा राहिल्या. ऑगस्ट १९४७ च्या निवडणुकीत कम्युनिस्टांच्या माणसांनी परगावच्या मतदारांसाठी असलेल्या निळ्या चिठ्ठ्या वापरून ठिकठिकाणी दुबार मतदान केले. ही निवडणूक हंगेरीत आजही त्या निळ्या चिठ्ठ्यांच्याच नावाने ओळखली जाते. पुढच्याच वर्षी माओर्टवर तेलाचे उत्पादन मुद्दाम घटवल्याचा ठपका ठेवून कंपनी ताब्यात घेण्यात आली. ज्यांनी ते तेल शोधले त्या शिमोन पॉप यांना फाशीची शिक्षा सुनावण्यात आली. पुढे ती जन्मठेपेत बदलली आणि १९५५ मध्ये त्यांची सुटका झाली. देशातले तेल कोणाच्या मर्जीने निघेल हा प्रश्न त्या खटल्याने निकालात काढला.

तरीही १९५० च्या दशकात हंगेरीची चूल आणि कारखाने कोळशावरच चालत. याचा अर्थ काय होता हे १९५६ च्या हिवाळ्यात दिसले. २३ ऑक्टोबरला उठाव झाला, ४ नोव्हेंबरला सोव्हिएत रणगाडे दुसऱ्यांदा बुडापेस्टमध्ये शिरले आणि यानोश कादार यांचे सरकार बसवले गेले. शस्त्रे खाली पडली, पण संप चालू राहिला. तातबान्या, पेच आणि शॉल्गोतार्यानचे खाणकामगार खाली उतरेनात. थंडी वाढत होती आणि वीजनिर्मिती घसरत होती. नव्या सरकारला संसदेपेक्षा कोळशाची गरज जास्त होती, आणि संप चालवणाऱ्या कामगार परिषदांनाही ते कळत होते. ८ डिसेंबरला शॉल्गोतार्यानमध्ये जमावावर गोळीबार झाला आणि अनेक माणसे मेली. संप अखेर मोडला. त्यानंतर खाणकामगारांचे पगार आणि सवलती सांभाळण्याची काळजी सरकारने वर्षानुवर्षे घेतली. मतपेटीला अर्थ नव्हता त्या काळात इंधन अडवून धरणे हेच एक प्रकारचे मतदान ठरले होते.

यानंतरचा मोठा बदल पूर्वेकडून जमिनीखालून आला. पूर्व युरोपातल्या समाजवादी देशांच्या आर्थिक संघटनेने १९५८ मध्ये सोव्हिएत तेलासाठी लांब पल्ल्याची पाइपलाइन टाकायचे ठरवले. तिचे नाव ‘द्रुझ्बा’, म्हणजे मैत्री. १९६२ मध्ये चेकोस्लोव्हाकियामार्गे तिचे तेल हंगेरीत पोहोचले. बुडापेस्टच्या दक्षिणेला दान्यूबच्या काठी सासहालोम्बाता या गावी तेलशुद्धीकरण कारखाना उभा राहिला आणि १९६५ पासून तिथे काम सुरू झाले. १९७२ मध्ये युक्रेनमधून थेट येणारी दुसरी, अधिक मोठी वाहिनी तयार झाली. कारखान्याची यंत्रसामग्री उरल-व्होल्गा भागातल्या जड, गंधकयुक्त तेलाला बेतूनच बसवली होती. ही तांत्रिक गोष्ट राजकारणाच्या चर्चेत फारशी येत नाही, पण साठ वर्षांनंतरच्या वादात ती वारंवार पुढे करण्यात आली: दुसरे तेल घालायचे तर कारखान्यात फेरफार हवेत, फेरफारांना पैसा हवा आणि वेळही.

वायूच्या बाबतीत हंगेरीचे दैव काही काळ बरे होते. हायदुसोबोस्लोला १९५० च्या दशकाच्या अखेरीस, आणि सेगेदजवळच्या अल्ग्यो इथे १९६५ मध्ये, मोठे साठे सापडले. शहरांतल्या घरांमध्ये कोळशाच्या शेगड्या जाऊन खिडकीखाली भिंतीला बसवलेले गॅस हीटर आले. बुडापेस्टच्या जुन्या चाळवजा इमारतींत हे हीटर अजून दिसतात: पांढऱ्या पत्र्याची पेटी, खाली निळी ज्योत आणि धुराडे थेट भिंतीतून बाहेर. नव्या वसाहतींतल्या काँक्रीटच्या ठोकळेबाज इमारतींना मात्र मध्यवर्ती बॉयलरमधून गरम पाणी नळाने पुरवले जाई. दोन्हींना लागणारा वायू घरचा पुरेना, तेव्हा १९७५ पासून ‘बंधुत्व’ या नावाच्या पाइपलाइनने सोव्हिएत वायू येऊ लागला. उरलच्या पायथ्याच्या ओरेनबुर्गहून निघालेल्या पुढच्या पाइपलाइनच्या कामावर हंगेरियन कामगारही गेले. त्यांच्या श्रमाची किंमत वायूच्या रूपाने परत मिळणार होती. १९७८ मध्ये युक्रेनमधल्या विन्नित्सियापासून हंगेरीतल्या आलबर्तिर्शापर्यंत ७५० किलोव्होल्टची वीजवाहिनी सुरू झाली. मैत्री, बंधुत्व अशी नावे देण्याची तेव्हा चाल होती, आणि या मैत्रीचा हिशेब दर वर्षी टनांत आणि घनमीटरांत होत असे.

हिशेब आरंभी हंगेरीच्या फायद्याचा होता. सोव्हिएत तेलाच्या बदल्यात डॉलर द्यावे लागत नसत. इकारुस कारखान्याच्या बस, औषधे, धान्य, मांस आणि डबाबंद फळभाज्या चालत. १९७३ मध्ये जगात तेलाचे भाव भडकले तेव्हा हे संकट भांडवलशाही देशांचे आहे, आपले नाही, असे बुडापेस्टला काही महिने वाटले. १९७५ पासून मात्र सोव्हिएत संघाने भाव ठरवण्याची रीत बदलली आणि मागच्या पाच वर्षांच्या जागतिक भावांच्या सरासरीवर तो ठरू लागला. तेवढ्याच तेलासाठी आता पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त बस पाठवाव्या लागल्या. तोटा जनतेला जाणवू न देण्याचा मार्ग कादार यांच्या सरकारने निवडला. दुकाने भरलेली राहिली, घरे उबदार राहिली, आणि फरक पाश्चात्त्य बँकांच्या कर्जातून भरला गेला. १९८२ मध्ये हंगेरी आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचा सदस्य झाला. दशक संपताना दरडोई विदेशी कर्जात तो पूर्व गटातल्या सर्व देशांच्या पुढे होता. लोकांचा रोष टाळण्यासाठी इंधनाचा खरा भाव लपवायचा आणि त्याचे ओझे पुढच्या हिशेबावर ढकलायचे, ही सवय बहुपक्षीय निवडणुका सुरू होण्याआधीच सरकारी कारभारात मुरली होती.

याच काळात पाक्श इथे देशातले एकमेव अणुवीज केंद्र उभे राहिले. सोव्हिएत संघाशी मूळ करार १९६६ चा; पण स्वस्त तेलाच्या भरवशावर काम लांबले आणि चार अणुभट्ट्या १९८२ ते १९८७ या काळात सुरू झाल्या. आज त्यांची एकत्र क्षमता सुमारे २,००० मेगावॅट आहे आणि देशात तयार होणाऱ्या विजेपैकी निम्म्याच्या आसपास वीज त्या देतात. अणुभट्ट्या सोव्हिएत बनावटीच्या आणि इंधनही तिथलेच, त्यामुळे पाक्शने वीज देशात तयार होऊ लागली तरी परावलंबन फक्त वेगळ्या खात्यावर गेले. मात्र या केंद्राविषयी हंगेरीत इतर युरोपीय देशांइतका विरोध कधी उभा राहिला नाही.

विरोध उभा राहिला तो पाण्यावरच्या विजेला. १९७७ मध्ये हंगेरी आणि चेकोस्लोव्हाकियाने दान्यूबवर गाब्चिकोवो आणि नाग्यमारोश इथे धरणांची जोडी बांधण्याचा करार केला. नाग्यमारोश हे नदीच्या वळणावरचे, जुन्या राजवाड्याच्या अवशेषांसमोरचे ठिकाण. तिथे धरण होणार, भूजल बिघडणार, हे १९८० च्या दशकात यानोश वार्गा या जीवशास्त्रज्ञ-पत्रकाराने मांडले आणि ‘दान्यूब मंडळ’ नावाचा गट उभा राहिला. पक्षाबाहेरचे राजकारण बेकायदा असलेल्या देशात नदीबद्दल बोलणे तुलनेने सुरक्षित होते, आणि हंगेरियन लोकांनी ती वाट पुरेपूर वापरली. सप्टेंबर १९८८ मध्ये संसदेसमोर मोठा मोर्चा निघाला. मे १९८९ मध्ये मिक्लोश नेमेत यांच्या सरकारने नाग्यमारोशचे काम थांबवले. स्लोव्हाक बाजूने १९९२ मध्ये नदी वळवून आपले धरण चालू केले, वाद हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला, आणि १९९७ च्या निकालात दोन्ही बाजूंचे काही ना काही चुकल्याचे न्यायालयाने म्हटले. हंगेरियन बाजूचे धरण झाले नाही. मोठ्या जलविद्युत प्रकल्पाचे नाव काढणे त्यानंतर कोणत्याच पक्षाला परवडले नाही.

१६ जून १९८९ रोजी १९५६ चे पंतप्रधान इम्रे नॉज यांच्या पुनर्दफनाच्या वेळी बुडापेस्टच्या वीर चौकात एका तरुण वक्त्याने सोव्हिएत फौजा परत जाव्यात अशी उघड मागणी केली. तो फिदेस या तरुणांच्या नव्या संघटनेचा व्हिक्टर ओर्बान. पुढच्या वसंतात मुक्त निवडणुका झाल्या आणि योझेफ अंताल यांचे उजव्या-मध्यममार्गी आघाडीचे सरकार आले. फौजा जाणार हे ठरले होते, पण तेल त्यांच्याही आधी आटू लागले. सोव्हिएत उत्पादन घसरत होते, पुरवठा कमी होत होता, आणि १ जानेवारी १९९१ पासून सगळा व्यवहार जागतिक भावाने डॉलरमध्ये होणार होता. त्यात इराकने कुवेत गिळला आणि भाव आणखी चढले.

सप्टेंबर-ऑक्टोबर १९९० मध्ये स्थानिक निवडणुका झाल्या. शहरांत सत्ताधारी आघाडीला फटका बसला. पेट्रोल महागणार का, या प्रश्नाला सरकारकडून नकारार्थी उत्तर येत होते. २५ ऑक्टोबरला रात्री मात्र सुमारे ६५ टक्के वाढ जाहीर झाली. अंताल शस्त्रक्रियेसाठी रुग्णालयात होते. त्या रात्रीच बुडापेस्टच्या टॅक्सीचालकांनी दान्यूबवरचे पूल गाड्या आडव्या लावून अडवले, आणि सकाळपर्यंत देशभरचे महत्त्वाचे रस्ते आणि सीमेवरची नाकी बंद पडली. ट्रकवाले येऊन मिळाले. बसगाड्या अडल्या, माणसे पुलांवरून पायी चालत कामाला गेली आणि घरोघरच्या बायकांनी टॅक्सीवाल्यांना चहा आणि खायला नेऊन दिले. बळ वापरावे का यावर सरकारात खल झाला. राष्ट्राध्यक्ष आर्पाद गोंत्स यांनी लष्कर आणण्याला विरोध केला. रविवारी २८ तारखेला सरकार, कामगार संघटना आणि मालक यांची बैठक भरली आणि ती दूरदर्शनवरून थेट दाखवण्यात आली. वाढीचा काही भाग मागे घ्यायचा आणि पुढे इंधनाचे भाव बाजारावर सोडायचे, अशी तडजोड निघाली. अडवणूक करणाऱ्यांना नंतर माफी मिळाली. अर्थशास्त्राच्या अंगाने पाहता सरकारचे फार चुकले नव्हते. वाढ अटळ होती. पण ती ज्या रीतीने आली ती हंगेरियन मतदाराच्या मनात घर करून राहिली, आणि त्यानंतरच्या प्रत्येक सरकारने इंधनाच्या भावाला हात लावताना ते तीन दिवस आठवले असणार.

पेट्रोलचे भाव मोकळे झाले, घरगुती गॅस आणि वीज मात्र सरकारी नियंत्रणात राहिली. १९९४ मध्ये ग्युला होर्न यांचे समाजवादी पुन्हा सत्तेवर आले आणि १९९५ च्या अखेरीस त्यांनी गॅस आणि वीज वितरणाच्या प्रादेशिक कंपन्या जर्मन, फ्रेंच आणि इटालियन कंपन्यांना विकल्या. तिजोरीत पैसा आला आणि विदेशी कर्ज उतरले. त्याच दशकात गॅसच्या नळ्या खेड्यापाड्यांत पोहोचल्या. पुढच्या दशकाच्या मध्यापर्यंत दहापैकी नऊ गावांत गॅस होता. लाकूड फोडणे आणि कोळशाची राख उपसणे सुटले म्हणून लोकांना ती सुधारणाच वाटली, आणि होतीही. पण देशातल्या विहिरी ओसरत होत्या आणि नव्या जोडण्यांचा वायू जवळजवळ सगळा रशियाचा होता. १९९६ पासून तो वीस वर्षांच्या दीर्घ कराराने येऊ लागला. त्याच वर्षी ऑस्ट्रियाशी जोडणारी पाइपलाइनही सुरू झाली. पश्चिमेचा दरवाजा उघडला असे म्हटले गेले, तरी त्या नळीतूनही बहुतांशी रशियन वायूच येत होता.

१९९८ मध्ये ओर्बान पहिल्यांदा पंतप्रधान झाले. २००० मध्ये जागतिक भाव वाढले तेव्हा त्यांच्या सरकारने घरगुती गॅसची दरवाढ रोखून धरली आणि तोटा ‘मोल’ या राष्ट्रीय तेल-वायू कंपनीच्या अंगावर टाकला. २००२ ते २०१० या समाजवादी काळात अनुदानाची पद्धत राहिली. एप्रिल २००६ च्या निवडणुकीत फेरेंत्स ग्युर्चान्य जिंकले आणि काही महिन्यांतच गॅसवरचे अनुदान कमी करून भाव वाढवण्यात आले. सप्टेंबरमध्ये त्यांचे पक्षांतर्गत भाषण फुटले, ज्यात आपण लोकांशी खोटे बोललो असे त्यांनी कबूल केले होते. रस्त्यावर दंगली झाल्या. मतदाराने त्यातून काढलेला अर्थ साधा होता: निवडणुकीआधी स्वस्त, निवडणुकीनंतर महाग.

फिदेसने या रोषाचे हत्यार कसे करायचे ते मार्च २००८ च्या सार्वमतात शिकून घेतले. विषय ऊर्जेचा नव्हता; दवाखान्यात प्रत्येक खेपेला द्यावे लागणारे ३०० फोरिंटचे शुल्क रद्द करावे का, असा एक प्रश्न होता. आठ दशांशांहून अधिक मतदारांनी ‘रद्द करा’ म्हटले. छोटी, पण घराघरांत नियमित द्यावी लागणारी रक्कम मोठमोठ्या आर्थिक धोरणांपेक्षा जास्त मते हलवते, हा तो धडा.

याच सार्वमताच्या काही दिवस आधी ग्युर्चान्य यांनी मॉस्कोत ‘साउथ स्ट्रीम’ या काळ्या समुद्राखालून येणाऱ्या रशियन पाइपलाइनचा करार केला. विरोधात बसलेल्या ओर्बान यांनी त्यावर सडकून टीका केली. हंगेरीला पुन्हा रशियाच्या दावणीला बांधले जात असल्याचा त्यांचा आरोप होता. पर्याय म्हणून कॅस्पियन समुद्राकडचा वायू तुर्कस्तानमार्गे आणणाऱ्या ‘नाबुको’ प्रकल्पाचे नाव घेतले जाई. जानेवारी २००९ मध्ये रशिया आणि युक्रेनच्या भांडणात युक्रेनमार्गे येणारा वायू सुमारे दोन आठवडे पूर्ण बंद पडला. हंगेरीने मोठ्या कारखान्यांचा पुरवठा तोडला. एस्तरगोमच्या सुझुकी कारखान्यातले उत्पादन थांबले. घरे मात्र गार पडली नाहीत, कारण जुन्या रिकाम्या वायुविहिरींत केलेले साठे कामी आले. या झटक्यानंतर रोमानिया, क्रोएशिया आणि स्लोव्हाकियाशी जोडण्या उभ्या राहिल्या. त्यामुळे वायू येण्याचे मार्ग वाढले. नाबुको २०१३ मध्ये बारगळले आणि साउथ स्ट्रीम २०१४ मध्ये रशियानेच रद्द केले. दोन्ही प्रकल्पांवर वर्षानुवर्षे भाषणे झाली; एक घनमीटरही वायू आला नाही.

२००९ च्याच नोव्हेंबरात ओर्बान सेंट पीटर्सबर्गला जाऊन व्लादिमिर पुतिन यांना भेटले. पुढच्या एप्रिलमध्ये त्यांच्या पक्षाने संसदेत दोन तृतीयांश बहुमत मिळवले. २०११ मध्ये सरकारने मोल कंपनीतला २१.२ टक्के हिस्सा रशियाच्या सुर्गुतनेफ्तेगाझकडून सुमारे १.८८ अब्ज युरोंना परत घेतला आणि ते राष्ट्रीय सार्वभौमत्वाचे पाऊल म्हणून सांगितले. त्याच वर्षी निवडणूक कायदा बदलला. सदस्यसंख्या ३८६ वरून १९९ झाली, दुसरी फेरी गेली, आणि मतदारसंघातल्या विजेत्याची जादा मतेही पक्षाच्या यादीत मिळवण्याची सोय झाली. विखुरलेल्या विरोधकांसमोर सर्वांत मोठ्या पक्षाला याचा घसघशीत फायदा होणार होता.

तरीही २०१२ च्या मध्यावर जनमत चाचण्यांत फिदेस घसरत होता. डिसेंबरात घोषणा झाली: १ जानेवारी २०१३ पासून घरगुती गॅस, वीज आणि केंद्रीय तापपुरवठ्याचे दर दहा टक्क्यांनी कमी. हंगेरियनमध्ये घराच्या या मासिक बिलांना ‘रेझि’ म्हणतात, म्हणून या धोरणाचे नाव रेझिकपात. जुलैत पाणी, सांडपाणी, कचरा, सिलिंडर आणि धुराडे साफ करण्याचे शुल्कही त्यात आले. नोव्हेंबरात दुसरी कपात ११.१ टक्के. तिसरी कपात टप्प्याटप्प्याने: गॅस १ एप्रिल २०१४ पासून ६.५ टक्के, वीज सप्टेंबरपासून, तापपुरवठा ऑक्टोबरपासून. मतदान ६ एप्रिलला होते.

या मोहिमेची कारागिरी बिलाच्या कागदावर पाहायला मिळते. कायद्याने वितरण कंपन्यांना सक्ती केली की ग्राहकाची रेझिकपातीमुळे किती बचत झाली तो आकडा प्रत्येक बिलावर ठळक चौकटीत, नारिंगी रंगात छापायचा. नारिंगी हा फिदेसचा रंग आणि संत्रे हे त्याचे चिन्ह. म्हणजे जर्मन किंवा फ्रेंच मालकीची कंपनी आपल्या तोट्याचा आकडा सत्ताधारी पक्षाच्या रंगात छापून स्वतःच्या खर्चाने घरपोच करत होती. एका न्यायालयीन निर्णयाने कपात अडचणीत येते असे दिसताच पक्षाने तिच्या बचावासाठी सह्यांची मोहीम काढली आणि वीस लाखांहून अधिक सह्या जमल्याचे सांगितले. विरोधकांना धड विरोध करता येईना. बिल वाढवा असे सांगून मते मागायला कोण उभा राहील? ६ एप्रिलला फिदेस आघाडीला ४४.८७ टक्के यादीमते आणि १९९ पैकी १३३ जागा मिळाल्या, म्हणजे पुन्हा दोन तृतीयांश. तोट्यात गेलेल्या विदेशी कंपन्या एकेक करून बाहेर पडल्या आणि ‘एमव्हीएम’ या सरकारी कंपनीने त्यांचा गॅस व्यवसाय विकत घेतला. पुढच्या वर्षांत जागतिक भाव कोसळले, तेव्हा काही काळ सरकारी दर बाजारभावापेक्षा महागच होता. याचा गवगवा कोणी केला नाही.

बिलावर असा रंग चढत असताना मूळ पुरवठ्याचा निर्णय शांतपणे झाला. १४ जानेवारी २०१४ रोजी, निवडणुकीला तीन महिने असताना, मॉस्कोत पाक्शला दोन नव्या रशियन अणुभट्ट्या बांधण्याचा करार झाला. निविदा निघाली नव्हती. १२.५ अब्ज युरोंच्या अंदाजित खर्चापैकी दहा अब्जांपर्यंत कर्ज रशिया देणार होता. संसदेने फेब्रुवारीत मंजुरी दिली आणि कागदपत्रे दीर्घ काळासाठी गोपनीय ठरवली गेली. प्रचारात यावर आरडाओरडा झाला, पण मतदाराच्या हातात बिल होते, करार नव्हता. नवीन पवनचक्क्यांची वाट २०१६ च्या नियमांनी जवळपास बंद केली आणि देशाची पवनक्षमता ३३० मेगावॅटच्या आसपास गोठली. सौरऊर्जा मात्र झपाट्याने वाढली. उन्हाला कोणाच्या हद्दीतून यावे लागत नाही.

सप्टेंबर २०२१ मध्ये गॅझप्रोम या रशियन वायू कंपनीशी नवा पंधरा वर्षांचा करार झाला: दर वर्षी ४.५ अब्ज घनमीटर वायू, त्यातला ३.५ अब्ज तुर्कस्तान-सर्बिया मार्गाने आणि एक अब्ज ऑस्ट्रियाकडून. युक्रेन वगळला गेला आणि त्याने निषेध नोंदवला. त्या हिवाळ्यात युरोपभर गॅसचे भाव भडकले. हंगेरीत घरगुती दर जसेच्या तसे राहिले. नोव्हेंबरात पेट्रोल आणि डिझेलचा भाव लिटरला ४८० फोरिंटवर बांधला गेला. १ फेब्रुवारी २०२२ ला ओर्बान मॉस्कोला गेले, २४ तारखेला रशियाने युक्रेनवर आक्रमण केले आणि ३ एप्रिलला हंगेरीत मतदान झाले. सहा विरोधी पक्षांच्या आघाडीचे उमेदवार पेतेर मार्की-झाई युद्धाबद्दल नैतिक भूमिका मांडत राहिले. सरकारी प्रचाराने सांगितले की विरोधक आले तर देश युद्धात ओढला जाईल आणि गॅस बंद होईल. फिदेस आघाडीला ५४ टक्क्यांहून अधिक मते आणि १३५ जागा मिळाल्या.

१३ जुलैला सरकारने ऊर्जा आणीबाणी जाहीर केली. १ ऑगस्टपासून सवलतीचा दर फक्त सरासरी वापरापुरता राहिला: वर्षाला १,७२९ घनमीटर गॅस आणि २,५२३ युनिट वीज. त्यावरच्या गॅसला सुमारे सातपट, विजेला जवळजवळ दुप्पट दर लागू झाला. जळाऊ लाकडाच्या निर्यातीवर बंदी आली आणि जंगलतोडीचे नियम सैल झाले. बुडापेस्टचे एर्केल नाट्यगृह हिवाळ्यासाठी बंद ठेवावे लागले. बांधलेल्या भावात पेट्रोल आणणे इतर कंपन्यांना परवडेना, पंप कोरडे पडले, आणि डिसेंबरमध्ये ती मर्यादा उठवावी लागली. जानेवारी २०२३ मध्ये महागाईचा दर २५.७ टक्के होता. तरी मर्यादित रेझिकपात टिकली. २०२४ मध्ये पुढे आलेल्या तिसा या विरोधी पक्षानेही ती मोडण्याची भाषा केली नाही.

युरोपीय संघाने जून २०२२ मध्ये रशियन तेलावर निर्बंध घातले, तेव्हा हंगेरीच्या आग्रहाने पाइपलाइनमधले तेल वगळले गेले. अॅड्रियाटिक किनाऱ्यावरून क्रोएशियामार्गे येणारी पाइपलाइन १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून उपलब्ध आहे. तिची क्षमता आणि भाडे यांवर मोल आणि क्रोएशियाची कंपनी भांडत राहिल्या, आणि रशियन तेलाचा वाटा युद्धापूर्वीपेक्षा वाढला. किंमत की भूगोल, या वादात हंगेरी सरकारने भूगोलाचे नाव घेतले. भूगोल खरा आहेच, पण पर्यायी नळी चाळीसहून अधिक वर्षे जमिनीत असताना तो एकटा पुरेसे कारण ठरत नाही. स्वस्त रशियन तेलातला फरक सरकारी तिजोरीला आणि मोलला उपयोगी पडत होता, हे कारण त्याहून जवळचे आहे. सप्टेंबर २०२१ च्या गॅस करारात लिहिलेली मुदत २०३६ पर्यंतची आहे. २०२२, २०२६, २०३० आणि २०३४ अशा संसदेच्या चार नियमित निवडणुका त्या मुदतीत येतात.